पाठमोरा कट्टा

या, इकडून या. मांडव कुठं घालायचा ते नंतर ठरवू, आधी मैदान नीट बघून घ्या. ढवळवाडीच्या प्रदर्शन मंडळाचं हे मैदान. पौषात इथं जनावरांचं आणि शेतमालाचं प्रदर्शन भरतं. बाकी वर्षभर लग्नं, सभा, कुस्त्या, जे काय असेल ते. मधलं ते गोल रिंगण, पलीकडं खुंट्यांच्या रांगा, अलीकडं पाण्याचा हौद. हौद आणि खुंटे माझ्याकडं आहेत. लग्नाच्या गडबडीत कुणी हौदात पत्रावळ्या टाकल्या तर माझ्याशी गाठ आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता तो लिंबाखालचा दगडी कट्टा. तुमच्या मांडववाल्यानं मघाशी मला विचारलं, गवंडी चुकला होता का म्हणून. कारण कट्ट्याचं तोंड डोंगराकडं आहे आणि पाठ रिंगणाकडं. ती मंडळाच्या अध्यक्षांची जागा आहे. प्रदर्शनात खोंडांची निवड चालू असते तेव्हा सगळा माळ रिंगणाकडं डोळे लावून बसलेला असतो, आणि ज्यांनी वर्षभर राबून ते प्रदर्शन उभं केलं ते अध्यक्ष तेवढे डोंगराकडं बघत बसतात. कट्टा फिरवायचा नाही, झाकायचाही नाही. नवरा-नवरीला बसवून फोटो काढायचा असेल तर खुशाल काढा. पण बसा थोडा वेळ, का ते सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे, आमच्या पणज्याच्याही आधीची असं सांगतात. तेव्हा इथं रिंगण नव्हतं, हौद नव्हता, नुसता उघडा माळ होता. पाऊस हुकला की डोंगरापलीकडचे दलाल यायचे आणि गावातला सगळ्यात देखणा खोंड आधी घेऊन जायचे. गाई मागं राहायच्या, पण त्यांच्यासाठी जातिवंत वळू राहायचा नाही. पुढची वासरं किरकोळ निपजायची. असंच चाललं असतं तर या मुलखातलं खिलार नावालाही उरलं नसतं.

ढवळवाडीत दाजीबा विरकर म्हणून एक माणूस होता. बोलायला कमी, पण जनावरातलं त्याला फार कळायचं. त्यानं आजूबाजूच्या गावांना गोळा केलं आणि सांगितलं, की वर्षातून एकदा सगळ्यांनी आपापली जनावरं या माळावर आणायची. सगळ्यांत उत्तम खोंडाला मानाची झूल घालायची, आणि झूल चढलेला खोंड कुणी मुलखाबाहेर विकायचा नाही. चारचौघांत मान मिळालेलं जनावर माणूस सहसा विकत नाही, हे दाजीबाला ठाऊक होतं. लोकांना ते पटलं. बायकांनी कणसं, भोपळे, घरचं बियाणं आणून मांडलं, आणि पहिलं प्रदर्शन झोकात झालं म्हणे.

दुसऱ्या वर्षी मात्र खुंटे उपटून मारामारी झाली. कारण साधं होतं. ज्याला जनावरातलं कळतं त्यालाच पंच करायचं, आणि ज्याला कळतं त्याच्या दावणीला जनावर असणारच. पंचांनी कुणालाही झूल दिली तरी बाकीचे म्हणायचे, ह्याचा चुलता, त्याचा मेहुणा. यात सगळ्यात मोठा आवाज कुकडगावच्या ज्योत्याजी पाटलाचा. तो इथं ओरडला की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचं असं सांगतात. खोटं नसावं. त्याच्या वंशातली एक बाई आज आमच्या मंडळात आहे, आणि सभेत तिला आम्ही माईक देत नाही.

प्रदर्शन मोडणार असं दिसायला लागलं. दलाल तर वाटच बघत होते. तेव्हा दाजीबानं सगळ्यांसमोर बिरोबाचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली.

"ज्याच्या दावणीला जनावर हाय, त्यानं पंचात बसायचं न्हाई. ह्या वर्सापासनं मी बसतो. माझी दावण आजच मोकळी करतो."

लोकांना ते खरं वाटेना. कारण दाजीबाच्या दावणीला नवश्या होता.

नवश्याची कथा अशी, की दाजीबाची गाय बरीच वर्षं गाभणच राहत नव्हती. दाजीबा आणि त्याची बायको चिमाबाई यांनी नवस केला, तेव्हा हा खोंड झाला. गाय मात्र विताना गेली. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. चिमाबाईनं शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून वासराला चोखायला दिली आणि त्याला जगवलं. दाजीबा संध्याकाळी उंबऱ्यावर बसला की ते वासरू मागून यायचं आणि त्याच्या मानेवर तोंड ठेवून उभं राहायचं. वासराचा खोंड झाला, वशिंड भरलं, शिंगं आकाशाला गेली, तरी ही सवय सुटली नाही. ते ओझं मानेवर पडलं की दाजीबा म्हणायचा, "आलास व्हय?" रोज एवढंच म्हणायचा म्हणे.

तो खोंड दाजीबानं दिला. विकला नाही, दिला. डोंगरावरच्या हिंगणीत गोजराबाई म्हणून एक बाई एकटीनं शेती करायची. कष्टाळू आणि जनावरावर जीव लावणारी. तिच्या हातात कासरा देताना त्यानं एवढंच मागितलं, की ह्याला उपाशी ठेवायचं नाही, आणि कुणाचीही गाय आली तरी नाही म्हणायचं नाही. चिमाबाई त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मला विचाराल तर बरोबरच होतं तिचं. शपथ घेताना तिला कुणी विचारलं होतं?

पण प्रदर्शन सावरलं. रिकाम्या दावणीच्या माणसावर कोण काय आळ घेणार? दाजीबा मंडळाचाही मुख्य झाला. हौद त्यानंच खणवला, खुंट्यांच्या रांगा त्यानंच आखल्या. रिंगणाभोवती लिंबाची रोपं लावली आणि स्वतः पाणी घालून जगवली. पंचाची काठी हातात घेऊन तो निवड करायचा, आणि ज्योत्याजीसुद्धा हळूच कुरकुरण्यापलीकडं जायचा नाही.

मग एका वर्षी गोजराबाई नवश्याला घेऊन प्रदर्शनाला आली. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. दाजीबाला ती मामा म्हणायची; मामांना आपल्या हातचं जनावर दाखवावं, त्यांना बरं वाटेल, एवढंच तिच्या डोक्यात. डोंगर उतरून ती चालत आली. खोंडाला वाटेत पाणी पाजलं, अंग पुसलं, शिंगांना तेल लावलं आणि रांगेत नेऊन उभा केला. तोवर नवश्या भर वयात आलेला वळू झाला होता. त्याच्या तोडीचं जनावर त्या दिवशी माळावर दुसरं नव्हतं. आंधळ्यानंही हात फिरवून सांगितलं असतं.

दाजीबा काठी घेऊन रांगेतून येत होता. नवश्यानं त्याला पाहिलं. एक हिसका दिला, गोजराबाईच्या हातून कासरा सुटला, आणि तो एवढा थोरला वळू रिंगण ओलांडून थेट दाजीबाच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं मानेवर तोंड ठेवलं.

दाजीबाच्या तोंडून निघून गेलं, "आलास व्हय?"

हे सगळ्या माळानं पाहिलं आणि ऐकलं. मग काय विचारता. ज्योत्याजीला इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज सापडला.

"पंचाचाच खोंड! दावण मोकळी केली म्हनं! दुसऱ्याच्या खुट्याला बांधला न् झूल घरात घ्याया बसला!"

काठ्या उचलल्या गेल्या. गोजराबाई रडायला लागली. "मामा, माजं चुकलं, मी घिऊन जाते त्येला," असं म्हणत ती कासरा शोधू लागली.

दाजीबा मोठ्या पेचात सापडला होता. नवश्याला झूल द्यावी, तर शपथ खोटी ठरते आणि प्रदर्शन त्याच दिवशी मोडतं. न द्यावी, तर सगळ्यात चांगल्या जनावराला आपल्या भीतीपोटी डावललं असं होतं, आणि त्या बाईच्या कष्टावर पाणी पडतं. त्यानं गोजराबाईला थांबवलं. मग चालत ज्योत्याजीपाशी गेला आणि पंचाची काठी त्याच्या हातात ठेवली.

"खोंडाचा गुन्हा न्हाई, बाईचाबी न्हाई. आजपास्नं मी निवड करणार न्हाई. तू कर."

ज्योत्याजीला वाटलं नव्हतं असं काही होईल. त्याचा स्वतःचा खोंड रांगेत उभा होता, आणि काठी हातात आली की शपथही आली. एवढा ओरडलेला माणूस आता नाही कसं म्हणणार? त्यानं गुमान आपला खोंड सोडला आणि रिंगणाबाहेर नेऊन बांधला. पोरंसोरं हसली.

तरी अडचण संपेना. नवश्या रांगेत उभा राहीना. दाजीबाचं तोंड दिसलं की कासऱ्याला ओढ द्यायचा. जनावर सरळ उभं राहिल्याशिवाय पंच बघणार काय? दाजीबानं ते पाहिलं आणि रिंगणाबाहेर आला. लिंबाखाली एक दगड होता, त्याच्यावर डोंगराकडं तोंड करून बसला. म्हणाला, "माजं तोंड दिसंना म्हंजी हुबा ऱ्हाईल."

आणि नवश्या उभा राहिला.

एवढी वर्षं मनातल्या मनात ज्याची चाल आठवली, तो खोंड मागं रिंगणात चालत होता, आणि दाजीबानं त्याला बघायचं नव्हतं. खुरांचा आवाज तेवढा येत होता. इतक्या जनावरांत नवश्याची खुरं कुठली ते त्याला कळत होतं म्हणे. चिमाबाई शेजारी येऊन उभी राहिली होती, रिंगणाकडं तोंड करून. तिला सगळं दिसत होतं.

ती म्हणाली, "कसा चालतोय, सांगू का?"

"नगं. सांगितलंस तर वळून बघीन."

चिमाबाईनं मग पदर तोंडाला लावला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला या कथेत सगळ्यात जास्त माया वाटते ती या दोघांची. निवड तर दरवर्षी होते.

ज्योत्याजीनं फार वेळ लावला. खूर पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली, शेपूट पाहिली, पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं. लोकांना वाटलं, हा आता कुकडगावचंच नाव घेणार. पण त्यानं कुणाचंच नाव पुकारलं नाही. ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा त्याचा आवाज, पण निघालाच नाही. त्यानं झूल उचलली, एका पाठीवर घातली, कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि त्या जनावराला लिंबाकडं चालवत नेलं.

दाजीबानं मान वळवली नाही. पावलं जवळ आली, थांबली. आणि मग त्याच्या मानेवर ते ओळखीचं ओझं पडलं, गरम श्वासासकट.

"आलास व्हय?" दाजीबा म्हणाला. आणि मग चारचौघांत ओक्साबोक्शी रडला.

त्यानंतर दाजीबा निवडीच्या वेळी दरवर्षी त्याच दगडावर तसाच बसायचा. पंच म्हणून ज्योत्याजीच काठी धरायचा, आणि त्यानं नातलगाला झूल दिली असं कुणी कधी म्हणालं नाही. गोजराबाई नवश्याला दरसाल भेटीला आणायची. त्या वळूची वासरं गावोगाव झाली. आज या मुलखात जे पांढरंशुभ्र, उंच शिंगांचं खिलार दिसतं ते त्याचंच रक्त, असं आमच्याकडं मानतात.

मग एका पौषात दाजीबा नव्हता. पावसाळ्यातच गेला होता. दगड रिकामा होता, आणि त्याच्यावर बसायची कुणाची छाती होईना. निवड झाली, झूल चढली. गोजराबाईनं नेहमीसारखा नवश्या आणला होता. आता तो म्हातारा झाला होता, चालताना मागचा पाय ओढायचा. तो आपल्या सवयीनं लिंबाकडं गेला, दगडामागं उभा राहिला आणि त्यानं मान खाली केली. तिथं कुणी नव्हतं. तरी तो तसाच तोंड खाली करून उभा राहिला. चिमाबाईला ते बघवेना.

तेव्हा रिंगणातून ज्योत्याजी पाटील आला. त्यानं काठी खाली ठेवली, डोक्याचं पागोटं काढलं, आणि रिंगणाकडं पाठ करून त्या दगडावर बसला. नवश्यानं थोडा वेळ वास घेतला. मग त्याच्या मानेवर तोंड ठेवलं. ज्योत्याजी अगदी हळू आवाजात म्हणाला, "आलास व्हय?"

त्या दगडाचाच पुढं हा कट्टा बांधला. मागं फरशीवर तो खळगा आहे ना, तो नवश्याच्या खुराचा. आमचा गवंडी म्हणतो, लिंबावरनं गळणाऱ्या पाण्यानं पडलाय. त्याला भिंती बांधायला ठेवलाय, मतं द्यायला नाही.

आजही मंडळात जो अध्यक्ष होतो त्याचं जनावर रिंगणात येत नाही, आणि निवडीच्या वेळी तो इथं पाठमोरा बसतो. मागचे एक अध्यक्ष मोबाईल पुढं धरून त्यातून मागचं बघत होते. बायकांनी मोबाईल काढून घेतला, तो प्रदर्शन संपल्यावर दिला. यंदा सुलोचनाताई आहेत. बाई धीट आहेत, पण पहिल्यांदा मानेवर श्वास पडला तेव्हा त्याही दचकल्या होत्या.

आजही इथं निकाल पुकारत नाहीत. पंच झूल घालतात आणि जनावराला गुपचूप कट्ट्यामागं आणतात. त्या वेळी माळावरची माणसं कशी गप्प होतात, ते तुम्ही एकदा येऊन बघाच. लेकरूसुद्धा रडत नाही. कोण जिंकलं ते सगळ्यांना दिसलेलं असतं, कळायचं राहिलेलं असतं ते एकट्या अध्यक्षांना. खोंड मान खाली करतो, आणि कट्ट्यावरचं माणूस मागं न बघता म्हणतं, "आलास व्हय?"

त्यानंतरच हलगी वाजते.

चला, आता मांडवाचं बोलू. तोंड कुठंही करा, फक्त त्या लिंबाखाली खड्डा घेऊ नका.