हंड्यातले काळे तोंड

एका राज्यात भैरवसेन नावाचा राजा होता, आणि तो सदा संतापलेला असे. सकाळी दूध गार म्हणून संतापे, सायंकाळी तेच दूध गरम म्हणून संतापे. प्रधान बोलला तर आगाऊ, गप्प बसला तर मुखदुर्बळ. अशा राजाला अवघ्या राज्यात दोनच माणसे आवडत. एक त्याची लेक मृगा. दुसरा त्याचा पणजोबा अग्निमल्ल, आणि तो मरून कैक वर्षे झाली होती.

अग्निमल्ल राजाही होता आणि मांत्रिकही. त्याने ढग दावणीला बांधले होते असे भाट गात. भाटांना जेवण राजवाड्यातून मिळे, तेव्हा ते गाणारच.

"आताची माणसं म्हणजे नुसती खोगीरभरती," भैरवसेन म्हणे. "माणूस एकच होऊन गेला. आमचा पणजोबा."

त्या पणजोबाचा मुकुट, तलवार आणि खडावा कुठेतरी पुरलेल्या आहेत, असे कुणी त्याच्या कानात घातले. झाले! राजाने राज्य उकरायला काढले. लोकांची अंगणे खणली, अळूचे वाफे खणले, उभ्या जोंधळ्यातून चर काढले. लोक ओरडले. राजा त्यांच्याहून मोठ्याने ओरडला आणि पहारी चालूच राहिल्या.

मुकुट निघाला नाही. खडावांची खुंटीसुद्धा निघाली नाही. मात्र जुन्या टांकसाळीच्या जागी पहार ठण्णकन वाजली, आणि वर आला एक तांब्याचा हंडा. हंड्यात चांदीची नाणी होती, पण कोळशासारखी काळी. कुठूनशी एक साळुंकी आली आणि हंड्याच्या काठावर बसली.

"पुरून टाक," साळुंकी म्हणाली.

त्या राज्यात पक्षी बोलला याचे नवल कुणाला नसे. राजाला नवल वाटले ते पक्ष्याने त्याला हुकूम दिल्याचे.

"मला सांगणारी तू कोण गं?"

"ऐकून घेशील तर सांगते. ही नाणी..."

राजाने ढेकूळ उचलले आणि भिरकावले. साळुंकी उडाली.

एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मृगेने एक नाणे उचलून पदराने पुसले. काळ्यातून एका चेहऱ्याची पुसट कड दिसली, आणि तिची करंगळी काळी पडली. काळी, गार आणि टणक. तिने ती हंड्यावर आपटून पाहिली.

"आबा," ती म्हणाली, "माझं बोट वाजतंय."

राजा पहिल्यांदाच संतापायचे विसरला. तेव्हा नाणे बोलले.

"भैरवा, मी तुझा पणजोबा. मातीत पडून मळलोय. माझा मळ तुझ्या लेकीला लागला. मला उजळ, म्हणजे तीही उजळेल. एक नाणं घासलंस तरी पुरे, सगळ्यांवर तोंड माझंच आहे. आधी चिंच आण. पण साधी नको, वेताळमाळावरची आण."

पणजोबाचा शब्द! राजा उभ्या पावली निघाला.

वेताळमाळावर चिंचेचे एकच झाड होते, आणि बुंध्याशी एक म्हातारी बसली होती. तिचे केस झाडाच्या मुळांत गुंतलेले. चिंचेला हात लावील त्याला ते झाड फांद्यांनी झोडपी.

"चिंच कशाला हवी?" म्हातारीने विचारले.

"राजाला कारण विचारायचं नसतं."

"एक राजा असंच बोलला होता," म्हातारी म्हणाली, आणि तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटावर एक फिकट वळे उमटलेले होते. राजाने ते पाहिले. विचारले नाही. विचारायची त्याला सवय नव्हती. त्याने झाडाचा मार खाल्ला, झाडाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि उपरणेभर चिंच घेऊन आला.

चांदीच्या घंगाळात त्याने चिंचेचा कोळ केला, नाणे भिजवले आणि अंगठ्याने चोळचोळ चोळले. नाण्यावर नाक उगवले. पणजोबाचेच नाक, गरुडासारखे. राजाचा ऊर भरून आला. मागे वळून पाहतो तो मृगेचा हात मनगटापर्यंत काळा.

"घास आणखी," नाणे म्हणाले. "चिंचेनं भागत नाही. राखण्याची राख आण."

खिडकीत साळुंकी ओरडली, "अरे, थांब! ते काळं..." राजाने पाटा भिरकावला असता, पण तो उचलेना, म्हणून वरवंटा भिरकावला.

राखणा नावाच्या डोंगरात एक राक्षसीण राहत असे. तिच्या चुलीत लाकडे नव्हे, दगड जळत, आणि ती चूल कधी विझत नसे.

"राख कशाला हवी?"

"पुन्हा तेच! तुला काय करायचंय?"

"मला काहीच करायचं नाही," राक्षसीण म्हणाली. "हात घाल आणि ने. माझ्या चुलीशी राजे फार वेळ थांबलेले मला खपत नाहीत." तिने पाय चुलीपुढे पसरले होते. पाय उखळाएवढे, पण बोटावर तेच फिकट वळे. राजाने इंगळात हात घातला, कोपरापर्यंत भाजून घेतला, मूठभर राख घेतली, आणि वाटभर साऱ्या डोंगराच्या नावाने बोटे मोडली.

या खेपेला त्याने नारळाच्या शेंडीने घासले. नाण्यावर मिशा आल्या, ओठ आले. ओठ हसले. मृगा खांद्यापर्यंत काळी झाली होती.

"झालं, झालं," ओठ म्हणाले. "आता भोवऱ्यातले रिठे. रिठ्यांच्या फेसानं डोळे उघडतील माझे, आणि मग बघ राज्य कसं करतात ते!"

साळुंकी छतावरून काही बोलू लागली. राजाने तिच्यावर पायातला जोडा फेकला आणि एकाच जोड्यानिशी निघाला.

नदीतल्या त्या भोवऱ्याच्या तळाशी रिठ्याचे झाड होते, आणि झाडाशी पाण्याची एक बाई होती. राजा तळातून श्वास कोंडून चालत गेला. तिने काहीच विचारले नाही. नुसते पाहिले, आणि रिठ्यांनी त्याची ओंजळ भरली. तिचे सगळे अंग पाण्याचे होते. बोटावरचे वळे तेवढे दिसत होते.

रिठ्यांचा फेस घंगाळाबाहेर ओसंडला. राजाने मऊ फडक्याने नाणे पुसले. ते चंद्रासारखे लखलखले, आणि त्यातले डोळे उघडले.

"आता एकदा, फक्त एकदा तोंडावरून हात फिरव," पणजोबा म्हणाला. "मी बाहेर येतो."

मृगा भिंतीला टेकून उभी होती. गळ्यापर्यंत काळी चांदी. ती बोलली तेव्हा घंटा हलल्यासारखा आवाज आला.

"आबा, पाणी काळं का झालं नाही?"

"काय?"

"काळवंडलेलं भांडं घासलं की पाणी काळं होतं. तुम्ही तीनदा घासलंत. घंगाळ बघा."

राजाने घंगाळात पाहिले. फेसाखाली पाणी नितळ होते, तळाचा ठोका न् ठोका दिसत होता. आता या राजाने जन्मात कधी वाटीसुद्धा विसळली नव्हती, त्याला हे ठाऊक असणार कुठून? मोलकरणीला पहिल्या घासण्यालाच दिसले असते. नाण्यावरचे काळे पाण्यात गेले नव्हते. मग गेले कुठे? राजाने लेकीकडे पाहिले, आणि त्याच्या हातातले फडके खाली पडले.

"साळुंके," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू म्हणाला, "तू काय सांगत होतीस?"

साळुंकी खाली उतरली. "मेल्या, आत्ता विचारतोस होय! तीनदा तोंड उघडलं, तीनदा तू काहीतरी भिरकावलंस. ऐक आता. याचा खजिना रिकामा झाला, तेव्हा यानं राज्यातल्या बायकांच्या पायांतली जोडवी उतरवून घेतली. नवरे जिवंत असताना! रांधत्या चुलीवरून उठवून, शिपायांकरवी! घराघरांत जित्या माणसांसाठी रडणं झालं. ती जोडवी वितळवून यानं आपलं तोंड छापलं. तिघी त्याला तोंडावर बोलल्या, त्यांची यानं मंत्रानं काय गत केली ती तू बघून आलास. चौथी राजवाड्यातूनच बोलली. ती मी. याची राणी. तुझी पणजी."

राजा साळुंकीपुढे खाली बसला.

"आम्ही चौघींनी शाप दिला, की तुझं तोंड मातीत जाईल आणि काळंच राहील. तेच हे काळं. नाण्यावरून हटवलंस, तर ज्यानं पहिल्यांदा नाणं पुसलं त्याच्या अंगात शिरतं. हे यालाही ठाऊक आहे."

"ठाऊक होतं?" राजाने नाण्याला विचारले.

"एक पोरगी," नाणे म्हणाले. "तिच्या बदल्यात तुला अग्निमल्ल मिळतो. हिशेब कर."

तेव्हा भैरवसेन संतापला. आजवर तो दुधावर संतापला होता, झाडावर संतापला होता. ते सगळे फुकट गेले होते. हा संताप मात्र नेमक्या पत्त्यावर गेला.

"भट्टी पेटवा!" तो गरजला. "सोनाराला बोलवा! मूस आणा!"

हंडाच्या हंडा मुशीत रिता झाला. नाण्या-नाण्यावरून तोंडे ओरडू लागली. "भैरवा! मुकुट कुठाय ते सांगतो! तलवार देतो! अरे, मी तुझा पणजोबा आहे!"

"म्हणूनच भाता मी स्वतः ओढतोय," राजा म्हणाला.

मिशा वितळल्या. नाक वितळले. डोळे शेवटपर्यंत वटारलेले होते, मग तेही वितळले, आणि मुशीत नुसती चांदी उरली. पण मृगेच्या हनुवटीवर काळे चढतच होते.

"वितळवून काय होतंय?" पणजी म्हणाली. "ज्यांची त्यांना दे. आणि शिपायाकरवी नको."

सोनाराने जोडवी घडवली. राजा ती घेऊन वेताळमाळावर गेला, धुळीत मांडी घालून बसला आणि म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. त्याचे कान लाल झाले होते, दात करकरत होते, पण जोडवे त्याने बोटात नीट सरकवले.

"सैल झालंय," म्हातारी म्हणाली.

राजाने तोंडाशी आलेला राग गिळला. जोडवे काढले, दाबले, पुन्हा घातले. म्हातारीचे केस मुळांतून सुटले, आणि इकडे राजवाड्यात मृगेच्या हनुवटीवरचे काळे ओसरले. राक्षसिणीचा पाय मांडीवर मावेना, तो त्याने डोक्यावर घेतला. तिची चूल विझली, ती साधी बाई झाली आणि पहिल्यांदा गार पाणी प्याली. भोवरा थांबला, पाण्याच्या बाईला हाडमांस आले. मग राजा गावोगाव हिंडला. ज्यांची जोडवी गेली त्यांच्या नातींच्या, पणतींच्या पायांत त्याने ती घातली. बायका त्याला अळूच्या वाफ्यांवरून बोल लावीत, आणि तो मान खाली घालून ऐकत असे.

सगळ्यांत शेवटी त्याने साळुंकीच्या पायात तांदळाएवढी जोडवी घातली. पिसे गळाली, आणि समोर एक वाकलेली, पांढऱ्या केसांची राणी उभी राहिली. मृगेची करंगळी गुलाबी झाली. तिने ती हंड्यावर आपटून पाहिली. वाजली नाही, दुखली.

"आता ते चर बुजव," पणजी म्हणाली. "आणि मला जोडा फेकून मारलास, तो घालू नकोस पुन्हा. मला त्याची चीड येते."

चर बुजले, वाफे पुन्हा हिरवे झाले, भाटांना दुसरी गाणी रचावी लागली. राजाचा राग गेला म्हणाल तर नाही गेला; दूध अजून गारच असते. पण आपले ताट तो आता स्वतः घासतो, आणि घासून झाले की वाकून पाहतो, पाणी काळे झाले की नाही.