तुम्हाला कोण हवंय?

कुंदाच्या डोक्यावर सकाळी उजाडताच कळशी चढायची, ती दिवेलागणीलाच उतरायची. आठ वर्षांची एवढीशी पोर, पण टेकडीच्या तीनशे पायऱ्या दिवसातून दहा वेळा उतरायची आणि दहा वेळा चढायची. आईचा गुडघा दुखरा, आणि टेकडीवरच्या वाडीत पाण्याचा थेंब नाही. मग शाळेत कधी जाणार? खालून शाळेची घंटा ऐकू आली की कुंदा पायरीवर थांबायची, कान देऊन ऐकायची आणि पुन्हा चालू लागायची.

एरवी गुलबक्षी देश मोठा देखणा हं! लाल लाल कौलं, निळ्या निळ्या खिडक्या, घराघरापुढे पिवळ्याधमक शेवंतीचे ताटवे. आणि त्या वर्षी तर नुसती धमाल, कारण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. तिथली रीत अशी, की चौकात पडद्याआड मडकी मांडायची, प्रत्येक उमेदवाराचं एक. ज्याला जो हवा त्याच्या मडक्यात एक फूल टाकायचं. ज्याच्या मडक्यात फुलं जास्त, तो राष्ट्राध्यक्ष.

त्या वर्षी मडकी दोनच होती. एक रंगरावांचं. रंगराव म्हणजे काय सांगू! मिशाच एवढ्या झुबकेदार, की चिमण्यांना घरटं करायचा मोह व्हावा. दुसरं मडकं गिरजाताईंचं. शेताशेताला पाटाचं पाणी वाटून द्यायचं, हे त्यांचं काम. खांद्यावर कुदळ, पदर खोचलेला, पाय कायम चिखलात.

गिरजाताई टेकडीवर आल्या आणि म्हणाल्या, "मागच्या डोंगरातला झरा तुमच्या वाडीपेक्षा उंच आहे. तिथून पाट खणला, की पाणी आपल्या पायांनी तुमच्या दारात येईल. मला निवडून द्या, पहिलं काम हेच."

कुंदाने तर तिथल्या तिथे टाळ्याच पिटल्या. पण गिरजाताई गेल्यावर आई उसासा टाकून म्हणाली, "मला त्याच हव्यात गं. पण बाईमाणूस राष्ट्राध्यक्ष? लोक कुठले देतायत फूल! माझं एकटीचं वायाच जायचं."

कुंदाचं तोंड एवढंसं झालं. तशीच कळशी घेऊन ती खाली बागेत गेली. हौदावर कळशी भरली आणि निघाली, तर कोपऱ्यात एक इवलंसं गुलबक्षीचं रोप पार माना टाकून बसलेलं. कुंदाला राहवेना. तिने अर्धी कळशी त्याच्यावर ओतली.

"अगं, अगं! नाकात गेलं की पाणी!" रोप शिंकलं.

रोप नव्हे हो, रोपातली परी! बोटभर उंच, चतुरासारखे झिरझिरीत पंख, झग्याला मोरपिशी किनार, केसांत चमचमते थेंब. नाक पुसत ती म्हणाली, "वाचवलंस बाई. आता तुला पुन्हा कळशी भरावी लागणार ना?"

"लागू दे," कुंदा म्हणाली. "तू बरी आहेस ना?"

परी खुदकन हसली. तिने कुंदाच्या हातावर तीन पाकळ्यांचं चंदेरी फूल ठेवलं. "तीन पाकळ्या, तीन इच्छा. पण नियम—"

"गिरजाताईंना जिंकव!" कुंदा ओरडली.

टप्! एक पाकळी गळाली आणि काळी पडली.

"आधी ऐकून तरी घ्यायचं होतंस, उतावळे," परी हळहळली. "नियम तीन आहेत. कुणाचं मन फिरवायचं नाही. मडक्यात फूल घालायचं नाही की काढायचं नाही. आणि कुणाच्या मनातलं चोरून वाचायचं नाही. नियम मोडला, की पाकळी फुकट."

झालं! राहिल्या दोन. कुंदाने फूल जपून ओच्यात ठेवलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी चौकात भाषणं होती. गिरजाताई दोन मिनिटं बोलल्या आणि खाली बसल्या. मग रंगराव उठले, मिशा पिळल्या, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना! महिनाभर "मीच! मीच!" ओरडून घसा पार बसला होता. लोक फिदीफिदी हसले. रंगराव मंडपामागे जाऊन बसले, आणि डोळ्यांतलं पाणी मिशांत ठिबकू लागलं.

कुंदाने पाहिलं. आता एक गंमत सांगते, तिला आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोलू? पण मग तिला कसंतरीच वाटलं. तिने ओच्यातलं फूल काढलं. "परी, त्यांचा आवाज परत दे."

"अगं वेडे, ते तुझ्या ताईंच्या विरुद्ध आहेत!" फुलातून परीचा आवाज आला.

"असू देत. बोलताच येत नाही अशा माणसाला हरवायचं, यात काय मजा?"

दुसरी पाकळी लकाकली आणि विरघळली. रंगराव खाडकन उठले आणि खणखणीत आवाजात चौकात स्वतःचा पुतळा उभारण्यावर तासभर बोलले. लोकांनी जांभया दिल्या.

मग पारावर अंदाजेबुवा बसले. तेही तिथल्या रीतीचंच. मतदानाच्या आदल्या दिवशी बुवा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काय हो, कोण जिंकेल?" आणि उत्तरं पाटीवर मांडायचे. पाटी बघता बघता भरली. बुवांनी ती उंच धरली. "रंगरावच!"

"वाटलंच होतं," कुंभार म्हणाला. "मला खरं तर गिरजाताई बऱ्या वाटतात. पण लोकांचं काय सांगावं!"

"माझंही तेच," शिंपीणकाकू म्हणाल्या. "लोकच ऐकायचे नाहीत."

"अगदी बरोबर," फुलवाला म्हणाला. "लोक म्हणजे ना..."

कुंदा आळीपाळीने तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तडक बुवांपुढे जाऊन उभी राहिली. "बुवा, तुम्ही 'कोण जिंकेल' असंच का विचारता? 'तुम्हाला कोण हवंय' असं का नाही विचारत?"

"असं कधी कुणी विचारलंच नाही, पोरी. आणि बाई राष्ट्राध्यक्ष? आजवर कधी झालीय?"

"आजवर कुणी बाई उभी तरी कधी राहिली होती?"

बुवांनी डोकं खाजवलं. कुंदाने शेवटची पाकळी हातात घेतली. या वेळी मात्र तिने चांगला विचार केला. मन फिरवायचं नाही, फूल घालायचं नाही, मनातलं चोरायचं नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

"परी, मला आज देशातल्या प्रत्येक दारी पोचू दे."

फुर्रर्र! तिच्या पायांत चंदेरी वारा शिरला. धूळ नाही, दम नाही. एका उडीत गल्ली, दुसऱ्या उडीत गाव! दारोदारी ती विचारत सुटली, "काकू, तुम्हाला कोण हवंय? लोकांचं नाही हो, तुमचं सांगा! गिरजाताई हव्या असतील तर दारात पिवळं फूल लावा, रंगराव हवे असतील तर लाल. मर्जी असेल तरच हं!"

काहींनी दार लावून घेतलं. एक आजी म्हणाल्या, "मला बाई रंगरावच हवेत. मिशा कित्ती छान!"

"मग लाल लावा, आजी," म्हणत कुंदाने स्वतःच त्यांना लाल फूल तोडून दिलं.

सगळ्यांत शेवटचं दार रंगरावांचं. तिथेही कुंदाने विचारलं, "तुम्हाला कोण हवंय?"

रंगराव दचकले. मग हळूच म्हणाले, "मला? मला उभं राहायचंच नव्हतं गं. सगळे म्हणाले, तुम्हीच जिंकणार! म्हणून उभा राहिलो. मला कुठे येतंय पाट खणायला? मला आपली माझी कबुतरं बरी." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि दारात पिवळं फूल खोचलं.

दिवेलागणीला लोक अंगणात आले आणि बघतच राहिले. या दारात पिवळं, त्या दारात पिवळं, मधूनच एखादं लाल, पुन्हा पिवळं, पिवळं, पिवळं! अख्खी गल्ली सोन्याने मढवल्यासारखी दिसत होती. "अय्या, तुम्हालाही त्याच हव्या होत्या?" शिंपीणकाकू कुंभाराला म्हणाल्या. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" कुंभार म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी मडकी उघडली, तर गिरजाताईंच्या मडक्यातून फुलं ओसंडून चौकभर सांडलेली! कुंदाची आई दुखरा गुडघा विसरून नाचली. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या रंगरावांनी.

राष्ट्राध्यक्ष गिरजाताईंनी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. महिनाभराने एका लख्ख सकाळी पाणी आलं. आधी नुसती ओली रेघ, मग झुळझुळ, मग खळाळ! टेकडीवरची सगळी वाडी पाण्यात पाय सोडून बसली.

तुषारांमध्ये परी तरंगत होती. "कुंदे, तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस गं."

"आता डोक्यावर कळशी नाही," कुंदा म्हणाली. "आणखी काय हवं?"

परीने तिच्या नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारली. पाण्यावर सात रंग लखलखले, सगळीकडे उजेडच उजेड झाला, आणि तो ओसरला तेव्हा परी तिथे नव्हती. खाली घंटा वाजत होती. कुंदा धावत सुटली.

शाळेत बाई हजेरीपटात नव्या मुलांची नावं लिहून घेत होत्या. "नाव?"

"कुंदा."

"मोठेपणी काय व्हायचंय?"

"राष्ट्राध्यक्ष."

वर्गात कुणी हसलं नाही. बाईंनीही मान वर केली नाही. त्यांनी ते नीट लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. बस. पुढचा कोण?"