गोजराईची शंका

डोंगराला तेव्हा नुसती पायवाट होती, गाडीवाट झाली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. बसा नीट, ऐका. आमच्या निवळगावात गोजराई नावाची सुईण होऊन गेली. तिला पाहिलेलं माणूस आता कुणी उरलं नाही, पण तिच्या हातून जन्मलेल्यांचे पणतू गावात आहेत, म्हणून गोष्टही आहे.

गोजराईपाशी एक तुंबडी होती. तुंबडी म्हणजे वाळक्या भोपळ्याची वाटी. वैदू ती दुखऱ्या पाठीवर ठेवतात, आतली हवा तोंडानं ओढून घेतात, की ती कातडीला घट्ट धरून बसते. गोजराईनं ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, पाठ धरते तर बाळाचं डोकं का धरणार नाही? कळा देऊन देऊन बाई थकली, बाळ दारात येऊन अडलं, की ती तुंबडी लावायची आणि कळेसरशी हलकेच ओढायची. बाळ यायचं. डोक्यावर फुगवटा घेऊन यायचं, पण तो हळूहळू बसायचा. तिनं तुंबडी लावली तर डोंगरातला दगडही बाहेर येईल, असं म्हणतात. गाव डोळे मिटून तिच्यावर भरवसा ठेवायचं.

मग सर्जाचं बाळंतपण आलं. सर्जा ठेंगणी, पहिलटकरीण, पोट मात्र हंड्याएवढं. गोजराईनं तुंबडी लावली, ओढली. बाळ आलं, रडलंही. पण सर्जा आतून फाटली होती. रक्त थांबेना. घरातली जुनेरं संपली, शेजारची आणली, तीही भिजली. दिवस कलायच्या आत सर्जा गेली.

गाव म्हणालं, "तिचं तेवढंच होतं. त्याला तू काय करणार, गोजराई?"

कुणी तिला बोल लावला नाही. पण गोजराईला तुंबडीचा संशय आला. इतक्या जणींना लावली, हीच का फाटली? ती सर्जाच्या आईपाशी जाऊन बसली आणि विचारत राहिली. आई रडत रडत म्हणाली, "तहान लई लागायची गं तिला. घागर रिकामी करायची. आणि परसात लघवीला बसायची तिथं मुंग्या जमायच्या."

लघवीतून साखर जाते त्या बाईचं लेकरू पोटात दांडगं वाढतं, आणि ते ओढलं की आई फाटते, हे गोजराईला तेव्हा उमगलं. त्या दिवसापासून तिचा कुणाच्याच पोटावर विश्वास राहिला नाही. गरवार बाई दिसली की तिला दाराच्या चौकटीशी उभी करायची आणि दोऱ्यानं उंची मापायची. वय विचारायची, पहिलं का दुसरं विचारायची, आधीचं अडलं होतं का विचारायची. परसात जाऊन, वाकून, माती बघायची.

आणि गाव बिथरलं. ती ओढत होती तोवर कुणाला काही वाटलं नाही, विचारायला लागली तशी भीती वाटायला लागली.

"माप कशाला घेते गं ती? मढ्याचं घेतात माप!"

"आणि आपल्या पायाखालची माती? करणीला लागते ती. माझ्या सुनेच्या जवळ आली तर तंगडं मोडीन."

बाया तिला पाहून पदर पोटावर ओढायला लागल्या. तिच्या डोळ्यांत डोळा घातला तर गर्भ सुकतो, असं लोक म्हणायला लागले.

अशात पाटलांच्या सुनेचं, हौसाचं, डोहाळजेवण निघालं. हौसा लहानखुरी, चिमणीएवढी, आणि पहिलीच वेळ. आमच्याकडं डोहाळजेवणाला वाईट शब्द काढायचा नाही, अशी रीत. गाणी म्हणायची, गोड भरवायचं. सुईण म्हणून बोलावलेल्या गोजराईनं हौसाची ओटी भरली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, तुला तहान लागते का? परसात मुंग्या लागतात का?"

पाटलीणबाई कडाडल्या, "भरल्या ताटावर अभद्र बोलतेस? ऊठ इथनं!"

हौसानं सासूकडं पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई," म्हणाली.

दिवस भरले. हौसाला कळा लागल्या आणि सरता सरेनात. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तरी बाळ जागचं हलेना. शेवटी पाटील स्वतः गोजराईच्या दारात गेले. ती आली, हौसाच्या पोटावर हात फिरवला, आणि बाजूला सरली.

"तुंबडी लाव," पाटलीणबाई म्हणाल्या.

"लावायची न्हाई."

"सर्जाला लावलीस. आमच्या सुनेला का न्हाई?"

"सर्जाला लावली म्हणूनच."

पाटील दाराआडून गरजले, "माप घेतलंस, माती नेलीस, आता मरायला सोडतेस! तूच बांधून ठेवलंयस हिला!" आणि पाटलीणबाईंनी गोजराईच्या पिशवीत हात घालून तुंबडी काढली. म्हणाल्या, "ही लावत नसेल तर मी लावते." गोजराईनं ती त्यांच्या हातातून हिसकली, जमिनीवर टाकली आणि टाचेखाली फोडली.

तेव्हा हौसा बोलली.

"गोजराई, मुंग्या लागत होत्या. आत्याबाईंच्या भ्यानं बोलले न्हाई मी."

गोजराई खाली बसली. हौसाच्या कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे लेकरू दांडगं हाय," म्हणाली. "डोकं येईल, खांदे अडतील. ऊठ, बाय माझी. हातापायांवर हो, गाय उभी राहते तशी."

बाया तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. पाटलांची सून, जनावरासारखी? पण हौसा झाली. कळ आली, डोकं आलं, खांदा अडला. गोजराईनं ओढलं नाही. नुसता हात आत सरकवला आणि बाळाला वळायला वाट दिली. त्या वेळी माजघराची भिंत हातभर मागं सरकली, असं म्हणतात. ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं, असंही म्हणतात. बाळ आलं, महिन्याभराचं वाटावं एवढं. हौसाही जगली.

तरी संशय काही गेला नाही. पाटलीणबाई मरेपर्यंत सांगायच्या, "काहीतरी केलंच होतं त्या बाईनं." पण गरवार बाया गुपचूप गोजराईकडं जायला लागल्या आणि खरं सांगायला लागल्या.

गोजराई थकली तोवर तिनं सुखरूप सोडवलेल्या बायांनी गाव भरलं होतं. गावानं ठरवलं, हिचं देऊळ बांधायचं. तिनं हात जोडले. "नका रे. देवळात कुणी शंका घेत न्हाई." मग ती डोंगराकडं चालत गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही, असं म्हणतात.

म्हणून निवळगावात तिचं देऊळ नाही. पण डोहाळजेवणात गाणी मध्येच थांबतात. सासू, नवरा, सगळे बाहेर जातात. गावातली एक जाणती बाई पोरीसमोर बसते आणि वाईटातलं वाईट सगळं विचारते. उंची, वय, वजन, साखर, आधीचं बाळंतपण. त्या वेळी तिला अभद्र म्हणायचं नाही. आता पोरी तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तिथं डॉक्टरकडं बाळ ओढायची वाटी असते, तीही पुष्कळांचा जीव वाचवते. पण ती हातात घ्यायच्या आधी आमची बाई जाऊन पोरीचं सगळं सांगते.

परवाच एका नवीन नर्सनं दारात अडवलं. "आजी, पेशंटच्या कोण तुम्ही? सासू का आई?"

"कुणी न्हाई," आमची बाई म्हणाली. "मी शंका घ्यायला आलेय."