येसूचे जिवबा मास्तर

तुमच्याआमच्या पणजोबांच्याही आधीची ही गोष्ट. पठारावरच्या सोनदऱ्यात जिवबा मास्तर शिकवायला आले. असं म्हणतात, मुलाला पहिलं अक्षर शिकवण्याआधी ते त्याच्याबरोबर रानात हिंडत, त्याचा खेळ बघत. मग चुलीपाशी बसून त्याच्या आईला विचारत, हे लेकरू कशानं हसतं, कशाला भितं.

सिदू धनगराच्या येसूला सगळे मठ्ठ म्हणत. मास्तरांनी पाहिलं, समोर बसून बोललं की ती ओठांकडं टक लावून बघते आणि धुळीत अचूक अक्षर काढते. पाठीमागून बोललं, तर मानही वळवत नाही.

ते तिच्या घरी गेले. "पाळण्यात असताना वीज कडाडली की दचकायची का?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "न्हाई मास्तर. शेजारी परात पडली तरी निजलेलीच असायची." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात सिदू आला. "पोरगी बहिरी म्हणून गावभर झालं, तर तिला करून कोण घेईल?" त्यानं तिची शाळा बंद केली आणि तिला शेरडांमागं धाडलं. तरी मास्तर रोज माळावर जात, तिच्यासमोर बसत, तिचा हात आपल्या गळ्याला लावून एकेक शब्द बोलून दाखवत.

त्या चैत्रात वणवा पेटला. गाव टेकाडावर धावलं. खालची गुराखी पोरं हाका ऐकून पळत वर आली. येसू करवंदीच्या जाळीत झोपली होती. सिदू घसा फाटेस्तोवर ओरडला.

"हाकेनं ती उठणार नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी घोंगडं पाण्यात बुचकळलं आणि खाली उतरले.

असं म्हणतात, आगीनं वाट दिली, पण एकीपुरतीच. ओलं घोंगडं पांघरून येसू बाहेर आली. मास्तर आले नाहीत.

येसूनं बापाचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "मास्तर." तिच्या तोंडचा शब्द सिदूनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मास्तर जिथं राहिले त्या जागेवरचं गवत त्यानंतर कधी जळलं नाही, असं म्हणतात. आणि सोनदऱ्यात आजही लेकराला कुणी मागून हाक मारत नाही. समोर जातात, वाकतात, त्याच्या डोळ्यांत बघतात, मगच बोलतात.