उस्तादाचा सांधा

…बरं, मग विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू? नव्या हातावर, की जुन्या नावावर?

घाई नको. मी पस्तीस वर्षं निपाणीत टाइल्सचं दुकान चालवतोय. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. टाइल वाजवली की आतून पोकळ आहे की भरीव, लगेच कळतं. माणसाचं तसं नाही… आणि दोन टाइलांमधल्या सुतळीएवढ्या सांध्याचं तर नाहीच नाही. घरातली माणसं टाइल बघतात. पाणी सांधा बघतं.

तर ऐका.

यमनाप्पा मिस्त्री, सगळ्यांचे उस्ताद, म्हणजे आमच्याकडं फरशीतलं मोठं नाव. सत्तरी उलटली, हात थरथरायला लागला. त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला दस्तगीर. हात असा की रेघ ओढावी तर त्यानं. पण दुकानात आधी त्याचा ताठा शिरायचा, मग तो.

त्या वर्षी धर्मशाळेच्या चाळीस न्हाण्यांचे सांधे नव्यानं भरायचे निघाले. माणूस सुचवायचं काम ट्रस्टींनी माझ्या गळ्यात घातलं. दस्तगीर त्या कामासाठी जीव टाकत होता. मी उस्तादांना विचारलं.

"त्याचं एक काम दाखवा, आण्णा. मग सांगतो."

ताजं काम होतं आजरेकर काकूंच्या माडीवरच्या न्हाणीचं. दोन वर्षं झाली, काकू खाली स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसल्या की वरून मानेवर थेंब. दस्तगीरनं आठवड्यापूर्वी सांधे भरले होते, परवा वरून पाणी अडवणारा सीलर फिरवला होता.

आम्ही तिघं गेलो. फरशी अशी लखलखीत की ताट मांडून जेवावं.

दस्तगीरनं मगातून पाणी शिंपडलं. अळूच्या पानावर राहावेत तसे थेंब सांध्यावर उभे राहिले.

"बघा उस्ताद. एक थेंब आत जाईल तर नाव बदलेन."

उस्ताद तिकडं बघतच नव्हते.

"जुनं कुठाय?"

"जुनं काय?"

"खरवडून काढलेलं."

उस्तादांची ही खोड सगळ्या गावाला माहीत. सांध्यातून निघालेला जुना चुरा ते पत्र्याच्या डब्यात साठवायचे आणि काम संपेपर्यंत घरमालकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे. जेवढं निघालं तेवढंच सांध्यात भरायचं नवं ग्राउट कालवायचं. लोक हसायचे. मीही हसलोय.

दस्तगीरनं खिडकीतला डबा काढून दिला. उस्तादांनी तो तळहातावर उपडा केला.

मूठही भरली नाही.

"एवढ्या न्हाणीतनं एवढंच?"

"आतलं पक्कं होतं. पक्क्याला कशाला हात लावायचा?"

उस्ताद खाली बसले. करगोट्याची किल्ली सोडली, मोरीच्या तोंडाशी सांध्यात रोवली. नेमकी तिथंच का, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ओढली.

"उस्ताद! भरलेलं काम आहे ते!"

दुधावरची साय यावी तशी वीतभर पांढरी पापडी हातात आली. खाली काळं, ओलं. बोट लावलं तर चिखल.

"याला पक्कं म्हणतोस?"

काकू दारातच होत्या. "अगंबाई! म्हणजे भाकरीबरोबर माझी आंघोळ चालूच राहणार म्हणा की!"

कुणी हसलं नाही. मी मनात म्हटलं, गेल्या याच्या हातच्या चाळीस न्हाण्या.

दस्तगीरचे कान लाल झाले. तो म्हणाला, "हे काळं कुणाचं आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"दस्तगीर, जपून," मी म्हणालो.

"नाही आण्णा, बोलू द्या. काकू, याआधी हे सांधे कुणी भरले होते?"

काकू नळाकडं बघायला लागल्या. "यांनीच की… पंधरा वर्षं झाली. आमच्या शैलाच्या लग्नाच्या वेळी."

"खरवडायची पात लावल्या लावल्या कळलं मला," दस्तगीर म्हणाला. "कडेला निळसर झाक होती. पांढऱ्या सिमिटात चिमूटभर नीळ तुम्हीच घालता, गावात दुसरं कोण घालत नाही. उस्तादाचा सांधा शिष्यानं उकरायचा? माझा हात थांबला. वरवर खरवडलं, वरून भरलं." तो एक पाऊल पुढं आला. "अकरा वर्षं तुमच्या पायाशी बसलो. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"म्हणून तर फसलास," उस्ताद म्हणाले.

नळ ठिबकत होता.

"पण तुमचा डबा…? तुम्ही तर डबा भरल्याशिवाय उठत नाही."

"त्या दिवशीपण भरला होता."

"मग?"

"दारात मांडव पडलेला. पाहुणे उतरलेले. न्हाणी सकाळी पाहिजे म्हणत होते. निम्मंअर्धं खरवडलं, मोरीकडं पोचलोच नाही… डबा काही भरेना." उस्तादांनी कापरा हात डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "मागल्या अंगणात गेलो. वाळूच्या दोन मुठी घातल्या. वर चुरा पसरला. सगळ्यांनी बघितला. वाहवा केली."

 काकूंनी पदर मानेवरून फिरवला, थेंब पडायचा त्या जागी.

  

उस्तादांनी पिशवीतून खरवडायची पात काढली. झिजून निम्मी झालेली. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुठीकडची बाजू दस्तगीरपुढं केली.

"आण्णा, धर्मशाळेचं काम याला सांगा."

"पण उस्ताद, आत्ताच तर तुम्ही…"

"यानं डबा रिकामा ठेवला. खोटा भरला नाही." मग दस्तगीरकडं वळले. "आधी ही न्हाणी. माझं सगळं काढ. एक रेघ ठेवू नकोस."

दस्तगीरला पात घेववेना.

"तुमचं काम… माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या?"

तो खाली बसला. पहिला ओरखडा काढताना त्यानं मान फिरवली होती. दुसऱ्याला खाली बघितलं. उस्तादांनी डबा त्याच्या गुडघ्याशी सरकवला.

दुपारी काकूंनी चहा आणला तेव्हा डबा काठोकाठ भरला होता. नुसतं काळं.

उस्ताद भिंतीला धरून उठले.

दस्तगीरचा ताठा कुठं गेला होता कोण जाणे. त्यानं हळूच विचारलं, "उस्ताद, चाळीस न्हाण्यांचे चाळीस डबे… रोज संध्याकाळी दाखवायला आणू?"

उस्ताद उंबऱ्यात थांबले.

"मला नको दाखवूस. दाखवायचं म्हटलं की अंगणातली वाळू दिसायला लागते… किती काढलंस त्याचा हिशेब तुझ्यापाशी खरा ठेव, लेका. तेवढं कर."