चोरलेला पाऊस आणि तांब्याची किल्ली

एका राज्यात सिंहासनं दोन होती आणि हेवा एकाच सिंहासनावर बसलेला होता.

म्हातारे महाराज गेले तेव्हा राज्याची वाटणी झाली. थोरला मणिकेतू, धाकटी चित्रांगी. थोरल्याने आधी निवडायचं असा त्या घराण्याचा रिवाज. मणिकेतूने नदीकाठची काळीभोर सपाट जमीन घेतली. मूठभर माती पिळली तर पाणी निथळावं अशी ती जमीन. उरला एक खडकाळ डोंगर. तिथे दिवसभर ऊन भाजायचं, संध्याकाळी वारा सुटायचा आणि पहाटेपर्यंत गारठा पडायचा. तो डोंगर त्याने बहिणीला दिला आणि वर हसून म्हणाला, "घे, दगडांना तोटा नाही." डोंगर त्याने आपल्या हातानेच दिला होता, हे विसरू नका. पुढे त्याला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

द्राक्षांचे मांडव दोन्हीकडे होते, कारण घराण्याचा मान द्राक्षासवात होता. दर वसंतात दोघांचं आसव दरबारात यायचं आणि निवाडा करायची किंकिणी नावाची मैना. ती म्हाताऱ्या महाराजांच्या खांद्यावर वाढलेली. ते गेले त्या घटकेला त्यांचा आवाज तिने आपल्या गळ्यात ठेवून घेतला होता. आसव अस्सल असेल तर एक थेंब चाखून ती थेट महाराजांच्या आवाजात बोलत असे.

चित्रांगीच्या पेल्यात चोच बुडवली की ती म्हणे, "शाबास, पोरी." तोच खर्ज आणि शेवटी तीच बारीक धाप. मग ती मणिकेतूच्या पेल्यात चोच बुडवी आणि आपल्या पाखराच्या आवाजात म्हणे, "पाणी."

वर्षामागून वर्षं हेच. मणिकेतूच्या वेलींना आवळ्याएवढे मणी लागत, घड उचलायला दोन माणसं लागत, आणि तरी पाणी! त्याला राज्य नको होतं, डोंगर नको होता. त्या आवाजात एकदा, फक्त एकदा, "पोरा" ऐकायचं होतं. ते बहिणीला फुकट मिळतं असं त्याला वाटे. दरबारात तो मोठमोठ्याने टाळ्या वाजवायचा, बहिणीशी न बोलता तडक निघायचा आणि महालात जाऊन ताटावरून उपाशी उठायचा.

त्यात आणखी एक काटा होता. दर वर्षी सुगीच्या आधी डोंगरावरून एक स्वार यायचा आणि तांब्याची एक किल्ली पुढे ठेवायचा. "राणीसाहेबांची विनंती आहे, सुगीपर्यंत सांभाळावी." मणिकेतूला वाटे, मिरवते आहे. कुलूप लावण्याजोगा खजिना झालाय हे दाखवते आहे. किल्ली कसली, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारणं त्याच्या मानात बसत नव्हतं. हत्तींच्या अंकुशांच्या पेटीत तो ती फेकून द्यायचा आणि सुगी झाली की स्वार ती परत न्यायचा.

शेवटी त्याने धूम्रावळी नावाच्या मांत्रिकिणीला बोलावलं.

"डोंगरावरचा पाऊस मला हवा," तो म्हणाला.

"देते. पण परत न्यायची वेळ आली तर तुझ्याच पायांनी न्यावा लागेल."

"परत नेतो कोण?"

धूम्रावळीने ढगांना दोरी घातली आणि ते मणिकेतूच्या वेशीवर आणून बांधले. त्या वर्षी नदीकाठी दुप्पट पाऊस झाला. मणी फुगले, तडकले, घडांवर बुरशी चढली. डोंगरावर थेंब पडला नाही. वेलींनी मुळं खडकाच्या चिरांत खोल घातली, मणी मिऱ्यांएवढेच राहिले, साली जाड झाल्या. त्यांचं आसव चाखून किंकिणी महाराजांच्या आवाजात नुसतं "शाबास" म्हणून थांबली नाही, तर त्यांची जुनी अंगाई सबंध म्हणाली. मणिकेतूने पेला इतका आवळला की तो चेपला.

"तिचा गारठा आण," तो मांत्रिकिणीला म्हणाला. "तिच्या द्राक्षांतली चव त्यानेच टिकते म्हणतात."

धूम्रावळीने गारठा मडक्यात भरून आणला. नदीच्या ओलाव्यावर तो उतरला, तेव्हा उरलेसुरले मणीही पहाटे काचेसारखे फुटले. डोंगरावर मात्र उकाड्याच्या रात्री आल्या, द्राक्षातला आंबटपणा उडाला, आसव गोडमिट्ट झालं. तरीही किंकिणी म्हणाली, "बरं आहे, पोरी." अगदी हलक्या आवाजात, पण म्हणाली.

"वारा आण!" मणिकेतू ओरडला.

वारा आला आणि त्याने नदीकाठचा सगळा फुलोरा झाडून टाकला. मणिकेतूच्या राज्यात एक घड धरला नाही. डोंगरावर पानं जागच्या जागी करपली, तळं आटलं, मणी वेलीवरच वाळले. त्या साली किल्ली परत न्यायला स्वारही आला नाही.

त्या वसंतात चित्रांगीने तळाशी चार थेंब असलेला पेला आणला. किंकिणीने चोच बुडवली, मान वर केली, चोच उघडली. आवाज आला नाही. मणिकेतूने आपला पेला पुढे केला. त्यात तळघरात उरलेलं जुनं आसव होतं. किंकिणी "पाणी" सुद्धा म्हणाली नाही.

मणिकेतू बहिणीची फजिती पाहायला आला होता. जो आवाज ऐकायला तो झुरत होता, तो त्यानेच संपवला होता. बाप दुसऱ्यांदा गेला होता आणि या वेळी त्याच्या हातून.

तो धावत धूम्रावळीकडे गेला. "शाप काढ."

"मी शाप दिलाच कुठे? तो आवाज डोंगराच्या आसवावर जगत होता, तू डोंगर वाळवलास. ने परत. मनात हेवा आला की ओझं वाढेल, एवढं लक्षात ठेव." आणि ती धूर होऊन छतातून निघून गेली.

मणिकेतूने आधी ढग पाठीवर घेतला. पायथ्याशी ढग कापसासारखा हलका होता. अर्ध्या वाटेत त्याच्या मनात आलं, हा बरसला की ही पुन्हा जिंकणार. त्याबरोबर ढग असा जड झाला की राजा गुडघ्यावर आला. समोर एक करपलेली वेल होती. तिचं खोड त्याच्या मनगटाएवढं आणि मूळ खडक फोडून आत गेलेलं. इतके कष्ट आपल्या एकाही वेलीने केले नव्हते, असं त्याला वाटलं. ढग हलका झाला.

मग गारठ्याचं मडकं छातीशी धरून तो चढला, दात वाजवत. शेवटी वारा. तो कशातच मावेना, म्हणून त्याने तोंडात धरला. गाल फुगवून राजा डोंगर चढला आणि वाटेत एक अक्षर बोलू शकला नाही. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

माथ्यावर चित्रांगी उभी होती. त्याने वारा सोडला. आभाळ भरून आलं आणि तळ्यात पाणी पडू लागलं.

"तू नेलं होतंस तर," ती म्हणाली.

"मीच."

तिने ओंजळीत पाऊस धरून पाहिला. मग तिने विचारलं, "आणि माझी किल्ली, दादा?"

"कसली किल्ली आहे ती?"

तिने तळ्याच्या बांधातली पितळी झडप दाखवली. "मणी रंग धरू लागले की वेलींचं पाणी तोडायचं. त्याला आम्ही ताण म्हणतो. पानं माना टाकतात, वेल डोळ्यांदेखत तहानते आणि जवळ असेल ते सगळं मण्यात ओतते. मला ते बघवत नाही. किल्ली माझ्याजवळ असती तर मी रोज झडप उघडली असती. म्हणून इथला रिवाज आहे, किल्ली अशा माणसाकडे द्यायची ज्याला आपल्या वेलींची दया येणार नाही."

"म्हणून माझ्याकडे?"

"तुझ्याहून खात्रीचं कोण होतं?"

मणिकेतूला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे तुझ्या त्या आसवात..."

"तुझाही हात होता. दर वसंतात सांगायचं ठरवायचे. तू थांबतोस कुठे!"

तो घरी परतला. हत्तीखान्यामागे मुरुमाचा एक उंचवटा होता, जिथे पिढ्यानपिढ्या केरकचरा टाकला जाई. तो त्याने साफ केला, डोंगरावरच्या वेलींच्या काड्या आणून तिथे लावल्या, पाटाला झडप बसवली. वेली फळावर आल्या तेव्हा झडपेला कुलूप घालून किल्ली बहिणीकडे पाठवली. थोड्याच दिवसांत पानांनी माना टाकल्या. राजा घोड्यावर बसून डोंगरावर पोचला.

"चित्रांगी, किल्ली दे. एकदाच."

"नाही."

"अगं, मरतील त्या!"

"नाही मरत. घरी जा, दादा."

उतरताना त्याने तिला मनात सणसणीत शिव्या दिल्या. हेव्याच्या नव्हेत, त्यामुळे अंगावर कसलंच ओझं आलं नाही.

आसव मुरलं, वसंत आला. डोंगरही त्याच साली सावरला होता. दोन पेले मांडले गेले आणि चित्रांगीने भावाचा पेला पुढे सरकवला. मुकी किंकिणी काठावर बसली. तिने चोच बुडवली, मान वर केली. पंखा ढाळणाऱ्या दासीचा हात थांबला.

"पाणी आहे अजून," खर्जातला तो आवाज म्हणाला. मग ती बारीक धाप आली. "पाणी आहे रे अजून, पोरा."

दरबारी खाली बघू लागले, राजाचा अपमान झाला म्हणून. मणिकेतू डोळे पुसत हसत होता. मग किंकिणीने दुसरा पेला चाखला आणि "शाबास, पोरी" म्हणाली. त्याने टाळ्या वाजवल्या. त्याला थोडं टोचलं, मी खोटं कशाला सांगू? पण थोडंच.

ढग डोंगरावर राहिले, नदी आपल्या काठात राहिली, आणि सुगीच्या आधी दोन किल्ल्या वाटेत एकमेकींना भेटू लागल्या. निवाड्याच्या त्या दिवशी राजा तडक निघाला नाही. तो बहिणीच्या पंगतीला बसला, पोटभर जेवला आणि वर भात मागून घेतला.