कोंडाईची उडती गोधडी

डोंगर अजून आपल्या जागा बदलत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका वर्षी माथेगावाचा डोंगर खालच्या धुक्यात बुडू लागला. त्या धुक्यात गेलेलं माणूस परत येत नसे. पलीकडचा डोंगर उंच होता, पण तिथं जायला वाट नव्हती.

गावात कोंडाई नावाची गोधड्या शिवणारी बाई होती. हातात कसब, आणि कसबाचा तोराही. वाळत घातलेलं धोतर चुलीच्या धगीनं फुगून वर उचललेलं तिनं पाहिलं आणि घराएवढी गोधडी शिवायला घेतली. वरून डिंकाचा हात दिला, तोंडाला बांबूचं कडं लावलं, खाली शेगडी आणि मोठं टोपलं बांधलं. घरटी एकेक तुकडा मागून घेतला, कारण कापड आपल्याच घरच्या माणसाला उचलतं, असं म्हणतात. कोंडाईला ती म्हाताऱ्यांची बडबड वाटायची.

ठकूबाई एकटी राहायची. तिनं आपलं विटकं लुगडं फाडून दिलं. तो तुकडा कोंडाईला बघवेना. सगळा गाव वर मान करून माझं काम बघणार, आणि मधोमध हे? तिनं तो पेटीत टाकला आणि तिथं आपल्या घरचा म्हणून शालूचा तुकडा लावला. ठकूबाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "लावलाय गं."

गोधडी फुगली, उडाली. लांब दोर बांधून खेपा सुरू झाल्या. ठकूबाई टोपल्यात बसली की मात्र गोधडी जागची हलेना.

"चोरीचं लुगडं दिलं असंल," कुणीतरी म्हणालं.

ठकूबाई टोपल्यातून उतरली. पदर पुढं ओढून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. खरं कोंडाईच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं. दोन दिवस गिळलं. शेगडीत कोळसे घालताना तिला स्वतःच्याच हातांची किळस यायची, असं म्हणतात.

शेवटच्या खेपेला धुकं अंगणाशी आलं. तेव्हा कोंडाई उरलेल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "ठकू, तुझा तुकडा मी लावलाच न्हाई. मला त्याची लाज वाटली."

तिनं गोधडी खाली घेतली, शालू उसवला आणि विटका तुकडा तिथं टाचला. गोधडी ठकूबाईला घेऊन वर उठली. ठकूबाई टोपल्यातून हात खाली करून हाका मारत होती, "कोंडाई, ये गं." पण कोंडाईच्या घरचं कापड आता गोधडीत नव्हतं, आणि दुसरा तुकडा शिवायला वेळ उरला नव्हता.

गाव पलीकडच्या डोंगरावर वसलं. ठकूबाईला चोर म्हणणारे आपलेच पूर्वज होते, हे सांगताना तिथं आजही माना खाली जातात. तिथं गोधडीला सगळ्यांत विटका तुकडा मधोमध लागतो. तो लावणारी बाई कड्यावर येऊन बसते आणि हा कुणाच्या घरचा, ते खाली धुक्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते.